विद्युत् केंद्रांचे पर्यावरणीय अहवाल

विद्युत् केंद्राच्या कामकाजाचा त्याच्या परिसरातील हवा, पाणी, जमीन व वस्ती यांवर होणारा परिणाम आणि तो मर्यादेत ठेवण्यासाठी योजलेले उपाय यांची ठराविक मुदतीने व ठराविक नमुन्यात दिलेली लेखी नोंद म्हणजे त्या केंद्राचा पर्यावरणीय अहवाल होय. असे अहवाल शासकीय नियंत्रण यंत्रणा, भागधारक, वित्तसंस्था आणि परिसरातील नागरिक अशा निरनिराळ्या वाचकांसाठी दिले जातात व त्यांनुसार त्यांचे स्वरूप बदलते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दगडी कोळशावर चालणाऱ्या औष्णिक विद्युत् केंद्रांचा विचार केला आहे. कारण स्थानिक प्रदूषणाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहेत व अहवालपद्धतीचे बहुतेक प्रश्न त्यांच्याच संदर्भात उद्‌भवले आहेत.

पार्श्वभूमी : स्टॉकहोम येथे १९७२ मध्ये भरलेल्या मानवी पर्यावरणविषयक परिषदेनंतर अनेक देशांनी प्रदूषणविषयक कायदे केले. भारतात जलप्रदूषणासंबंधीचा अधिनियम १९७४ मध्ये व हवाप्रदूषणासंबंधीचा १९८१ मध्ये संमत झाला. या दोन्ही अधिनियमांनुसार उद्योगाला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते व त्यात घातलेल्या अटी पाळाव्या लागतात. तथापि संमतीपत्र ही परवानगी आहे, हिशोब नव्हे. उद्योगाने वर्षभरात किती पाणी वापरले, किती कचरा निर्माण केला व त्याची विल्हेवाट कशी लावली, याचा हिशोब मागण्याची कल्पना नंतर रुजली. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेने या कल्पनेला निकड प्राप्त करून दिली. कारखान्यात कोणते पदार्थ आहेत व त्यांपासून कोणता धोका संभवतो, हे भिंतीपलीकडील वस्तीला माहीत नसणे हाच त्या दुर्घटनेचा एक भाग होता. भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ मध्ये झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आपत्कालीन नियोजन व जनतेचा माहितीचा हक्क यांविषयीचा कायदा झाला आणि त्याखाली विषारी पदार्थांच्या उत्सर्जनाची कारखानावार सूची प्रसिद्ध होऊ लागली. कोळसा व तेल जाळणारी विद्युत् केंद्रे या सूचीत १९९८ या अहवालवर्षापासून समाविष्ट झाली.

केंद्रात काय मोजले जाते : अहवालातील आकड्यांचा अर्थ कळण्यासाठी केंद्रातील द्रव्यांचा प्रवाह ध्यानात घेणे आवश्यक आहे. ५०० मेगॅवॉट क्षमतेचा एक संच पूर्ण भाराने चालत असून त्याला तासाला ३५० टन कोळसा लागतो, असे मानू. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण सामान्यतः ३० ते ४५ टक्के असते. ते ३४ टक्के धरल्यास तासाला सु. ११९ टन राख निर्माण होते. तीपैकी सु. एक पंचमांश राख भट्टीच्या तळाशी जमते व उरलेली सु. ९५ टन बारीक राख ज्वलनवायूंबरोबर धुराड्याकडे जाते. वाटेत स्थिर विद्युत् अवक्षेपक हे संयंत्र असते. त्यात उच्च विद्युत् दाबाच्या साहाय्याने राखेचे कण विद्युत् भारित करून धातूच्या पट्ट्यांवर गोळा केले जातात.

अवक्षेपकाची कार्यक्षमता ९९·९ टक्के असेल, तर ९५ टनांपैकी सु. ९५ किग्रॅ. राख तासाला धुराड्यातून बाहेर पडते. ती ९९·८ टक्के झाली, तर हेच प्रमाण १९० किग्रॅ. होते. कार्यक्षमतेच्या आकड्यात फक्त एक दशांश टक्क्याचा फरक पडला, तरी गावावर पडणारी राख मात्र दुप्पट झाली. केवळ कार्यक्षमतेची टक्केवारी देणारा अहवाल चुकीचा नसला, तरी पुरेसा नसतो तो यामुळे.

कणांचे प्रमाण प्रत्येक घनमीटर वायूमागे मिलिग्रॅममध्ये देतात. वायूचे आकारमान तापमान व दाब यांनुसार बदलत असल्याने ते प्रमाणित तापमान व दाबाला आणून सांगावे लागते. तसेच धुराड्यात जादा हवा शिरली, तर वायू विरळ होतो व प्रदूषकाचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. हे टाळण्यासाठी कोळशाच्या केंद्रांत ऑक्सिजनचे प्रमाण ६ टक्के आहे असे धरून आकडा दुरुस्त करण्याची पद्धत आहे. वरील संचातून तासाला १७·५ लक्ष प्रमाणित घनमीटर वायू बाहेर पडतो असे मानल्यास ९५ किग्रॅ. राख म्हणजे घनमीटरमागे सु. ५४ मिग्रॅ. आणि १९० किग्रॅ. म्हणजे सु. १०९ मिग्रॅ. होय.

राखेखेरीज सल्फर डाय-ऑक्साइड, नायट्रोजनाची ऑक्साइडे व पारा हे धुराड्यातून बाहेर पडणारे महत्त्वाचे प्रदूषक होत. अवक्षेपकाचा सल्फर डाय-ऑक्साइडावर परिणाम होत नाही. त्यासाठी स्वतंत्र गंधकनिष्कासन संयंत्र लागते. पाण्याच्या बाबतीत एकूण वापर, विजेच्या दर एककामागे वापर, सोडलेल्या पाण्याचे तापमान, त्यातील निलंबित पदार्थ व क्षार यांची नोंद केली जाते. मेगॅवॉट-तासामागे ३ घ. मी. पाणी लागते असे धरल्यास ५०० मेगॅवॉटच्या संचाला दिवसाला ३६,००० घ. मी. म्हणजे ३·६ कोटी लिटर पाणी लागेल. उन्हाळ्यात ज्या नदीवर वा धरणावर शेती व पिण्याचे पाणीही अवलंबून आहे, तेथे हा आकडा हवेच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

भारतातील वैधानिक अहवाल : भारतातील औष्णिक केंद्रांना अनेक प्रकारची विवरणे द्यावी लागतात. त्यांतील सर्वांत जुने म्हणजे पर्यावरणीय विवरणपत्र होय. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांत मार्च १९९२ मध्ये चौदावा नियम अंतर्भूत करण्यात आला व त्यानुसार संमतीपत्र लागणाऱ्या उद्योगांनी पर्यावरणीय लेखापरीक्षा अहवाल द्यावा असे ठरले. एप्रिल १९९३ मधील दुरुस्तीने त्याचे नाव ‘पर्यावरणीय विवरणपत्र’ असे झाले. नावातील हा बदल केवळ शाब्दिक नाही. लेखापरीक्षा म्हटली की त्रयस्थ तपासनीस अभिप्रेत असतो; विवरणपत्र मात्र उद्योग स्वतः भरून देतो. ३१ मार्च रोजी संपणाऱ्या वित्तीय वर्षाचे विवरणपत्र ३० सप्टेंबरपूर्वी राज्य मंडळाकडे द्यावयाचे असते.

या विवरणपत्राचा नमुना (प्रपत्र ५) नऊ भागांचा आहे. त्यांत उद्योगाची माहिती व उत्पादनक्षमता, पाणी व कच्चा माल यांचा वापर, हवेत व पाण्यात सोडलेले प्रदूषक व विहित मानकांपासून त्यांचे विचलन, घातक कचरा, घन कचरा, कचऱ्याचे गुणधर्म व विल्हेवाटीची रीत, प्रदूषण-नियंत्रणाचा नैसर्गिक साधनांच्या बचतीवर व उत्पादनखर्चावर झालेला परिणाम, योजलेली जादा गुंतवणूक आणि इतर माहिती यांचा क्रमाने समावेश होतो. मागील व चालू वर्षांचे आकडे शेजारीशेजारी देण्याची आणि वापर उत्पादनाच्या दर एककामागे सांगण्याची या नमुन्यातील योजना उपयुक्त आहे. तीमुळे एकाच केंद्राची प्रगती वा अधोगती वर्षानुवर्षे पाहता येते. विचलन झाले असल्यास त्याची कारणेही द्यावी लागतात.

दुसरा प्रकार पर्यावरणीय मंजुरीच्या अटींचे पालन दर्शविणाऱ्या अहवालांचा होय. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना प्रथम जानेवारी १९९४ मध्ये निघाली व १४ सप्टेंबर २००६ रोजी तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. या अधिसूचनेनुसार मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दरवर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी सहामाही अनुपालन अहवाल द्यावयाचा असतो व हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज मानले जातात. मंजुरीपत्रातील प्रत्येक अट व तिच्यासमोर तिच्या पालनाची स्थिती अशी त्यांची मांडणी असते. अट जितकी मोजता येण्याजोगी, तितके उत्तर नेमके, असा सर्वसाधारण अनुभव आहे. ‘कणांचे प्रमाण अमुक मर्यादेपेक्षा अधिक नसावे’ या अटीपुढे आकडा येतो. ‘धूळ उडू नये म्हणून पुरेशी काळजी घ्यावी’ या अटीपुढे ‘पालन केले जात आहे’ एवढेच शब्द येतात. हरितपट्ट्याच्या बाबतीतही लावलेल्या झाडांची संख्या दिली जाते. जगलेल्या झाडांची संख्या दिली असेलच असे नाही.

तिसरा प्रकार सतत मापनाचा होय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी मानल्या गेलेल्या १७ उद्योगवर्गांना, त्यांत औष्णिक केंद्रेही आली, धुराड्यांत व सांडपाण्याच्या मार्गांवर सतत मापन करणारी उपकरणे बसवून त्यांची माहिती मंडळांकडे थेट पाठविण्याचे निर्देश दिले. त्यापूर्वी धुराड्याचे मापन माणसाने वर चढून, वायूच्या वेगाशी जुळेल अशा गतीने नमुना ओढून, महिन्यातून वा तिमाहीतून एकदा केले जाई. ही पद्धत अचूक असली, तरी ती त्या एक-दोन तासांचीच स्थिती दाखविते. सतत मापनाने ही उणीव भरून निघते. परंतु उपकरणांचे अंशशोधन वेळोवेळी झाले नाही, तर अखंड पण चुकीच्या आकड्यांची मालिका मिळते.

मानके व त्यांतील बदल : अहवालातील आकडा कशाशी ताडून पाहावयाचा हे मानकांवरून ठरते. पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांसाठी नवी मानके जाहीर केली. २००३ अखेरपर्यंत उभारलेल्या संचांना कणांसाठी प्रमाणित घनमीटरमागे १०० मिग्रॅ., २००४ ते २०१६ या काळातील संचांना ५० मिग्रॅ. व त्यानंतरच्या संचांना ३० मिग्रॅ. अशी मर्यादा ठरली. सल्फर डाय-ऑक्साइडासाठी २०१६ पर्यंतच्या ५०० मेगॅवॉटपेक्षा लहान संचांना ६०० मिग्रॅ., त्याहून मोठ्यांना २०० मिग्रॅ. व २०१७ पासूनच्या सर्व संचांना १०० मिग्रॅ. अशी मर्यादा घालण्यात आली. शीतन मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांसाठी पाण्याचा वापर मेगॅवॉट-तासामागे ३·५ घ. मी. इतका मर्यादित करण्यात आला.

ही मानके दोन वर्षांत अमलात यावयाची होती. परंतु मुदत वारंवार वाढविण्यात आली. २०२१ मध्ये केंद्रांची त्यांच्या स्थानानुसार तीन वर्गांत विभागणी झाली. ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय राजधानी क्षेत्र वा दहा लक्षांहून अधिक वस्तीची शहरे यांपासून १० किमी.च्या आतील केंद्रांना सल्फर डाय-ऑक्साइडाच्या मानकाचे पालन २०२७ अखेरपर्यंत करावयाचे आहे. चिंताजनक प्रदूषित क्षेत्रे किंवा हवेची मानके न गाठणारी शहरे यांच्यापासून १० किमी.च्या आतील केंद्रांचा निर्णय प्रकरणपरत्वे व्हावयाचा आहे. उरलेल्या, म्हणजे बहुसंख्य केंद्रांना धुराड्याच्या उंचीचे निकष पाळण्याच्या अटीवर या मानकातून सूट देण्यात आली आहे. या निर्णयामागे भारतीय कोळशातील गंधकाचे अल्प प्रमाण व संयंत्रांचा खर्च ही कारणे देण्यात आली. सल्फर डाय-ऑक्साइडापासून हवेत सल्फेटाचे सूक्ष्म कण तयार होतात व ते दूरवर वाहून जातात, हा मुद्दा टीकाकारांनी मांडला. केंद्राचे स्थान हाच आता निकष ठरल्याने त्या स्थानावरील हवेची विश्वसनीय नोंद पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे.

धुराड्यातील मानक व परिसरातील हवेचे मानक यांत फरक आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण २४ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमपेक्षा व २·५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. धुराडे मर्यादेत असूनही परिसरातील हवा मर्यादेबाहेर असू शकते; कारण कोळशाची वाहतूक, उघडे साठे, सुकलेले राखतलाव आणि शेजारचे इतर उद्योग यांचीही धूळ तीत मिसळते. २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने सर्वंकष निर्देशांकाच्या आधारे ४३ औद्योगिक क्षेत्रे चिंताजनक प्रदूषित ठरविली, त्यांत चंद्रपूरचा समावेश होता. खाणी, औष्णिक केंद्र, सिमेंट व इतर कारखाने एकवटलेल्या अशा ठिकाणी प्रत्येक उद्योगाचा अहवाल समाधानकारक आणि गावाची हवा असमाधानकारक, अशी स्थिती उद्‌भवू शकते.

राखेचा हिशोब : राखेच्या वापरासंबंधीची पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ रोजी निघाली. तीत पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या व ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने संपूर्ण राखेचा वापर बंधनकारक करून न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई ठरविली. राखेची निर्मिती व वापर यांची माहिती केंद्रांना नियमितपणे द्यावी लागते व तिची लेखापरीक्षाही व्हावयाची असते. येथे ‘वापर’ या शब्दाची व्याप्ती ध्यानात घेतली पाहिजे. सिमेंट, विटा व रस्ते यांबरोबरच सखल जमिनी भरणे व खाणींतील पोकळ्या भरणे हेही त्यात येते. सिमेंटमध्ये बद्ध झालेली राख व खड्ड्यात टाकलेली राख यांचा भूजलावरील परिणाम सारखा नसतो. परंतु एकूण टक्केवारीत दोन्ही एकत्र येतात. जुन्या तलावातील राख उचलली गेल्यास एखाद्या वर्षी वापराची टक्केवारी शंभराहूनही अधिक दिसू शकते.

न वापरलेली राख पाण्यात मिसळून नळांवाटे राखतलावात नेली जाते. तलावाचा बंधारा फुटल्यास राबडी शेतांत व नदीनाल्यांत पसरते. मध्य प्रदेशातील सिंगरौली जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ ते एप्रिल २०२० या काळात तीन वेगवेगळ्या केंद्रांचे राखबंधारे फुटले. तिसऱ्या घटनेत मनुष्यहानी झाली. बंधाऱ्याची उंची, त्यातील पाण्याची पातळी, पाझर, निरीक्षण-विहिरींतील आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम इत्यादींचे प्रमाण आणि शेवटच्या तपासणीची तारीख ही माहिती म्हणूनच खालच्या बाजूच्या गावांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असते. राखेच्या वापराची टक्केवारी तिची जागा घेऊ शकत नाही.

कंपनीचा अहवाल व केंद्राचा अहवाल : वैधानिक विवरणांव्यतिरिक्त मोठ्या ऊर्जा कंपन्या संपूर्ण कंपनीसाठी शाश्वतता-अहवाल प्रसिद्ध करतात. जागतिक अहवाल उपक्रम या नावाने १९९७ मध्ये सुरू झालेल्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे २००० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली व ती अशा अहवालांचा एक सर्वमान्य पाया बनली. भारतात रोखे व विनिमय मंडळाने (सेबी) २०१२ मध्ये मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांसाठी उद्योग-जबाबदारी अहवाल आणला. २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक तपशीलवार नमुना ठरविण्यात आला व तो २०२२-२३ या वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना बंधनकारक झाला. त्यातील नऊ तत्त्वांपैकी सहावे पर्यावरणाविषयी आहे. पाणीटंचाईच्या क्षेत्रांतील प्रत्येक केंद्राची स्वतंत्र माहिती त्यात मागितलेली आहे. परंतु ती ऐच्छिक भागात आहे.

कंपनीच्या पातळीवरील बेरीज व सरासरी गुंतवणूकदाराला उपयोगी पडते. परिसरातील रहिवाशाला ती क्वचितच उपयोगी पडते. उदा., एका कंपनीचे १,००० मेगॅवॉटचे नवे केंद्र घनमीटरमागे ३० मिग्रॅ. कण सोडते व दुसरे २५० मेगॅवॉटचे जुने केंद्र १२० मिग्रॅ. सोडते, असे मानू. दोन्ही सारख्याच भाराने चालत असल्यास कंपनीची भारित सरासरी ४८ मिग्रॅ. येते. हा आकडा समाधानकारक वाटतो; परंतु ४८ मिग्रॅ. हे प्रमाण कोणत्याही गावाच्या वाट्याला आलेले नसते. जुन्या केंद्राजवळचे गाव १२० मिग्रॅ.च्या धुराड्याखालीच राहते.

काळाच्या सरासरीलाही हेच लागू पडते. धुराड्यातून २२ तास ४० मिग्रॅ. व दोन तास १६० मिग्रॅ. कण बाहेर पडले, तर दिवसाची सरासरी ५० मिग्रॅ. होते आणि ते दोन तास अहवालात दिसत नाहीत. संच सुरू करताना, बंद करताना किंवा अवक्षेपकाचा एखादा भाग नादुरुस्त असताना असे घडू शकते.

डहाणूचे उदाहरण : स्थानिक देखरेख परिणामकारक कशी होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रात आढळते. चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेला, आदिवासी वस्तीचा डहाणू तालुका जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तेथे प्रत्येकी २५० मेगॅवॉटच्या दोन संचांचे औष्णिक केंद्र उभारण्यास स्थानिक नागरिकांनी न्यायालयात हरकत घेतली. केंद्र उभे राहिले व १९९५ च्या सुमारास सुरू झाले. परंतु गंधकनिष्कासनाचा प्रश्न कायम राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. प्राधिकरणासमोर कंपनी, शासन व स्थानिक नागरिक या तिन्ही पक्षांना आपले म्हणणे मांडता येई. त्याच्या पाठपुराव्यामुळे २००७ मध्ये केंद्रात समुद्राच्या पाण्यावर चालणारे गंधकनिष्कासन संयंत्र कार्यान्वित झाले. अट घातली गेल्यापासून ती पुरी होईपर्यंत दीड दशक लोटले, हे जसे खरे, तसेच आकड्यांविषयी प्रश्न विचारण्याची कायमची जागा तालुक्यातच असल्याने ती अट विस्मरणात गेली नाही, हेही खरे आहे.

इतर देशांतील पद्धती : यूरोपीय संघाने १९९३ मध्ये पर्यावरणीय व्यवस्थापन व लेखापरीक्षेची ऐच्छिक योजना आखली. प्रारंभी तीत नोंदणी कंपनीची नसून औद्योगिक स्थळाची होत असे. नोंदणी झालेल्या स्थळाला आपले पर्यावरणीय निवेदन अधिस्वीकृत तपासनिसाकडून प्रमाणित करून प्रसिद्ध करावे लागे. २००१ मधील सुधारणेनंतर संपूर्ण संघटनेचीही नोंदणी होऊ लागली. आयएसओ १४००१ हे १९९६ चे आंतरराष्ट्रीय मानक व्यवस्थापनपद्धतीविषयी आहे. त्यानुसार प्रमाणपत्र मिळविण्यासाठी कामगिरीचे आकडे प्रसिद्ध करणे आवश्यक नसते. हे प्रमाणपत्र म्हणजे कमी प्रदूषणाची ग्वाही असा समज प्रचलित आहे, तो बरोबर नाही.

अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन येथील केंद्राचा राखबंधारा २२ डिसेंबर २००८ रोजी फुटून सु. ४१ लक्ष घ. मी. राबडी नदीत व आसपासच्या जमिनीवर पसरली. यानंतर २०१५ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण अभिकरणाने राखेविषयी नियम केले. बंधाऱ्यांच्या तपासणीचे व भूजलाचे अहवाल प्रत्येक स्थळासाठी स्वतंत्रपणे, कोणालाही वाचता येतील अशा रीतीने कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवणे त्यांनुसार आवश्यक झाले. या अहवालांतील आकडे एकत्र करूनच अनेक केंद्रांजवळील भूजल दूषित झाल्याचे स्वतंत्र संस्थांनी पुढे दाखवून दिले.

विश्वसनीयता : स्वतः मोजून स्वतःच दिलेल्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा, हा या विषयातील मूलभूत प्रश्न आहे. या संदर्भात एस्तेर द्युफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे व निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने केलेला व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग उल्लेखनीय आहे. तो औष्णिक केंद्रांवर नव्हे, तर इतर कारखान्यांवर केला होता. तथापि त्याचे निष्कर्ष सर्वसामान्य आहेत. प्रचलित पद्धतीत कारखाना आपला लेखापरीक्षक स्वतः निवडून त्याला मोबदला देत असे. अशा लेखापरीक्षकांनी केवळ ७ टक्के कारखाने कणांची मर्यादा ओलांडतात असे कळविले. स्वतंत्र फेरमापनात हे प्रमाण ५९ टक्के आढळले. ज्या कारखान्यांसाठी लेखापरीक्षक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने नेमले, त्यांना सामाईक निधीतून ठराविक मोबदला दिला व त्यांच्या कामाची अधूनमधून फेरतपासणी केली, तेथे खोटे अहवाल पुष्कळ घटले आणि कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. मोजणारा बदलला की केवळ आकडा बदलतो असे नाही, तर आचरणही बदलते, हा या प्रयोगाचा महत्त्वाचा धडा होय.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०१७ मध्ये धुराड्यांतील कणांच्या मापनावरून उद्योगांना एक ते पाच तारे देणारा कार्यक्रम सुरू केला. तांत्रिक आकडे सामान्य वाचकाला समजेल अशा रूपात देण्याचा तो प्रयत्न होता. जनविश्वास अधिनियम, २०२३ नुसार पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या उल्लंघनासाठी असलेल्या कारावासाच्या जागी आर्थिक दंडाची तरतूद झाली व ती एप्रिल २०२४ पासून अमलात आली. २०२५ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरण लेखापरीक्षणाचे स्वतंत्र नियम अधिसूचित करून नोंदणीकृत लेखापरीक्षकांची तरतूद केली. १९९३ मध्ये नावातून गळालेली लेखापरीक्षेची कल्पना अशा रीतीने तीन दशकांनंतर निराळ्या स्वरूपात परत आली आहे.

अहवालाचे वाचन : विद्युत् केंद्राच्या अहवालाचे मूल्यमापन करताना काही गोष्टी पाहणे इष्ट ठरते. आकडा एका धुराड्याचा आहे, केंद्राचा की कंपनीचा. तो किती काळाची सरासरी आहे व कमाल आकडा दिला आहे किंवा नाही. मापन कोणी, केव्हा व संच किती भाराने चालत असताना केले. ऑक्सिजनाची दुरुस्ती केली आहे काय. मानक कोणत्या वर्षाचे आहे. मागील वर्षांशी तुलना करता येते काय. आणि बंद पडलेल्या उपकरणांचा वा मर्यादाभंगाचा उल्लेख आहे काय, हे ते मुद्दे होत. वर्षभर एकही बिघाड न नोंदविणारा अहवाल अधिक काळजीपूर्वक वाचावा लागतो. कारण एवढी यंत्रसामग्री वर्षभर निर्दोष चालणे दुर्मिळ असते.

बहुतेक अहवाल इंग्रजीत असतात व तांत्रिक परिभाषेमुळे ते परिसरातील वाचकाला दुर्बोध वाटतात. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यामुळे ते मिळविणे सुलभ झाले असले, तरी मिळणे व समजणे यांत अंतर राहते. ग्रामपंचायतीला समजेल अशा भाषेत केंद्राच्या नावाने, महिनावार, कमाल आकड्यांसह व राखबंधाऱ्याच्या स्थितीसह माहिती दिली गेल्यास हे अंतर कमी होऊ शकेल. पर्यावरणीय अहवाल नियंत्रण यंत्रणेला सादर केला जात असला, तरी त्यातील प्रत्येक आकड्याचा परिणाम प्रथम भोगणारे लोक केंद्राच्या आसपास राहतात. अहवाल त्यांना पडताळून पाहता येतो किंवा नाही, हीच त्याच्या उपयुक्ततेची खरी कसोटी होय.